वानखडे सरांची चावडी

संस्थेची स्मरणिका गेल्या महिन्यात टपालानं घरी आली. असं काही हातात आलं की मी आधी नावं वाचते आणि कोण सुटलं ते पेन्सिलीनं समासात लिहिते. या स्मरणिकेत ‘आमच्या महाविद्यालयातील संगणकाची वाटचाल’ असा साडेचार पानांचा लेख आहे. सचिवांचं नाव त्यात नऊ वेळा आलंय, पुण्याच्या कंपनीचं सहा वेळा. संगणकाच्या खोलीतल्या कूलरचंही वर्णन आहे. प्रल्हाद वानखडे हे नाव एकदाही नाही.

मी दोनदा मोजलं. मग उठून भांडी घासली, कारण हातांना काहीतरी आपटायला हवं होतं.

ती नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. चिखलीच्या त्या कॉलेजात मी मुख्य लिपिक होते आणि सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्याच कपाटात असत. सरांची जन्मतारीख, पहिली नेमणूक, रजा, सगळं मला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही. त्या पुस्तकात माणूस सापडत नाही, हे मी ती भरतानाच शिकले होते.

सर गणित शिकवत. बुटका बांधा, रुंद कपाळ, शर्टाची एक बाही नेहमी दुसरीपेक्षा वर. त्यांच्या स्कूटरला दोन्ही बाजूंची पत्र्याची झाकणं नव्हती. इंजिन उघडं, तारा उघड्या. पावसात भिजेल म्हटलं तर म्हणत, “भिजू द्या, बाई. दिसते तरी कुठं भिजलं ते.” कॉलेजची घंटा देणारं विजेचं घड्याळ त्यांनी उघडलं ते पुन्हा कधी बंद केलं नाही. स्टाफरूममधल्या पंख्याच्या रेग्युलेटरचीही तीच गत. त्यांच्या घरी मिक्सरचा तळ उघडा होता आणि वहिनी त्यावर स्टीलचं ताट उपडं घालून मिक्सर चालवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, “माहा काही भरोसा नाही बाप्पा, एखाद्या दिवशी मलेच खोलून पाहतीन.”

नवी वस्तू दिसली की सर पहिला प्रश्न एकच विचारत: याचं झाकण कसं निघतं? निघत नसेल तर त्यांना त्या वस्तूचा राग येई. वस्तूचा आला की ती बनवणाऱ्याचा, मग विकत आणणाऱ्याचा, आणि विकत घेण्याचे कागद मी तयार केलेले असत म्हणून शेवटी माझा. ते मला ‘यादीवाल्या बाई’ म्हणत. मीही त्यांचं नाव न परत केलेल्या वस्तूंच्या यादीत कायम ठेवलं होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला. हिरवी अक्षरं, दोन फ्लॉप्या घालायच्या फटी, खोलीला वाळ्याचे पडदे, दाराशी चपला काढायच्या. यंत्र चालू केल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, हे मला सरांनी समजावलं. “बाजार समितीच्या आवारात फाटकापाशी एक मानूस उभा राह्यते ना, कोनाची गाडी कुठं लावायची, कोनाचं पोतं कुठं उतरवायचं सांगते, तो हा. त्याच्याबिगर आत सगळा गोंधळ. आता तो मानूस कोन्या हिशोबानं जागा देते, हे आपल्याले कळलं पाह्यजे का नाही?”

ते आम्हाला कळत नव्हतं. यंत्र विकणाऱ्या कंपनीनं सोबत दिलेली सिस्टिम बंद डब्यासारखी होती: चालते ती वापरा. एकदा निकालाच्या तोंडावर एक फ्लॉपी वाचली जाईना. नागपूरहून कंपनीचा माणूस आला. त्यानं सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी लावली, दहा मिनिटांत काम केलं आणि निघाला. काय बिघडलं होतं, असं सरांनी विचारलं. तो म्हणाला, ते सांगता येत नाही. सर व्हरांड्यात अनवाणी उभे होते, कारण चपला दाराच्या आत अडकल्या होत्या आणि दार नुकतंच उघडलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. जवळपास कोणी विद्यार्थी नव्हता हे बरं झालं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. टाइप मीच केलं. सिस्टिम ज्या ओळींत लिहिली आहे त्या ओळी आम्हाला पाठवाव्यात, दुरुस्ती आम्ही करू, केलेली तुम्हालाही कळवू. दोन ओळींचं उत्तर आलं की ही कंपनीची गुपितं आहेत, मागू नयेत.

सरांनी मग स्वतःची लिहिली. चौदा महिने लागले. सकाळच्या तासिका संपल्या की ते आत जात आणि शिपाई कुलूप घेऊन येई तेव्हा बाहेर पडत. या काळात ते वाईट वागले, हेही लिहायला हवं. दोन वर्गांचा अभ्यासक्रम मागे पडला, वहिनींच्या भावाच्या लग्नाला ते अक्षता टाकून परत आले, आणि माझ्या कार्यालयातले प्रिंटरच्या कागदाचे तीन खोके न विचारता नेले. मी जाऊन भांडले. ते म्हणाले, “लिहून ठेवा बाई, वानखड्यानं चोरले.” मी लिहून ठेवलं.

सिस्टिम तयार झाली तेव्हा तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘चावडी’. मग त्यांनी जे केलं ते मी तरी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. सगळ्या ओळी पहिलीपासून शेवटचीपर्यंत कागदावर छापल्या, बाजारपेठेतल्या बाइंडरकडून लाल कापडी पुठ्ठ्यात बांधून घेतल्या, आणि तो ठोकळा ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवला. शेजारी सुतळीनं बांधलेली पेन्सिल. पहिल्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘कोणीही वाचावे. कोणीही उतरवून न्यावे. चूक दिसल्यास समासात लिहून खाली सही करावी. नेल्यावर सुधारणा केल्यास ती इथे आणून लिहावी.’

लोक हसले. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, सरांनी सत्यनारायणाची पोथीच मांडली, आता प्रसादाचं बघा. पण माणसं येऊ लागली. बारावीतली मुलं आली, नांदुऱ्याहून रेडिओ दुरुस्त करणारा एक गृहस्थ आला. आणि मेहकरच्या एसटी डेपोतले इंगळे आले. गाड्यांची वेळापत्रकं बसवायचं त्यांचं काम. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर हात लावला नव्हता, पण एका फेरीनं दुसरीची जागा अडवली तर काय होतं, हे त्यांना झोपेतही कळत होतं. दर शनिवारी ते एसटीनं येत, डबा सोबत आणत आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत वाचत बसत.

चौथ्या का पाचव्या शनिवारी इंगळ्यांनी समासात लिहिलं, की फ्लॉपीवरच्या फायलींची नावं ठेवायला चौसष्ट घरं आहेत, ती भरल्यावर पासष्टावी आली तर ही चावडी तिला पहिल्या घरात बसवते आणि तिथल्या जुन्या फायलीला न सांगता हाकलते.

सरांनी ते वाचलं आणि इंगळ्यांवर दीड तास ओरडले. तुम्ही कंडक्टरकीच्या नजरेनं बघता, तुम्हाला यातलं काय कळतं, इथपर्यंत बोलले. इंगळे डबा बांधत म्हणाले, “सर, शिटा भरल्यावर आम्ही पयल्या पॅसेंजरले खिडकीतून नाही फेकत. घंटी मारतो.”

सोमवारी सरांनी दुरुस्त पान छापून आणलं. जागा संपली की आता चावडी थांबून तसं सांगणार होती. शनिवारी त्यांनी इंगळ्यांना त्या पानावर सही करायला लावली, तीही स्वतःच्या सहीच्या वर. माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण त्या दिवशी इंगळ्यांना सोडायला स्टँडवर ते त्याच उघड्या स्कूटरवरून गेले.

दोन वर्षांत तेवीस जणांच्या सह्या झाल्या. कॉलेजचं काम चावडीवर बिनबोभाट चालू होतं. अडलं तर कोणीतरी ठोकळा उघडी, बोट ठेवी आणि काम पुढे जाई. हे सगळं चिखलीत होत होतं. स्मरणिकेत याची एक ओळ नाही.

मग पुण्याची कंपनी आली. खरं म्हणजे ती आधीच येऊन गेली होती. ठोकळा मांडल्यावर पहिल्याच पंधरवड्यात पुण्याचे एक पाहुणे चार दिवस ग्रंथालयात बसून वह्यांच्या वह्या उतरवून घेऊन गेले होते, आणि सरांनी स्वतः त्यांना चहा पाजला होता. दोन वर्षांनी तीच कंपनी आमच्या सचिवांकडे करार घेऊन आली. सचिवांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस हुशार, बोलणं मऊ, खादीला कडक इस्त्री. संस्थेच्या सगळ्या शाळांत कॉम्प्युटर येणार, सिस्टिम कंपनीची, तिला हात कंपनीचाच लागणार. एक कलम असं की संस्थेच्या यंत्रांवर दुसरी कुठलीही सिस्टिम चालवायची नाही. दुसरं असं की अशा कुठल्याही सिस्टिमच्या छापील ओळी संस्थेच्या आवारात ठेवायच्या नाहीत.

हे दुसरं कलम कशासाठी होतं, ते आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मी विचारलं नाही. भाऊसाहेबांनी ग्रंथालयाची निर्लेखन यादी मागितली, म्हणजे बाद करायच्या वस्तूंची. मी केली. मोडक्या खुर्च्या, वाळवी लागलेले नकाशे, आणि शेवटी: ‘जाड बांधणीची वही, एक नग, निरुपयोगी.’ हे शब्द माझे आहेत. टाइप मी केले, खाली सही मी केली. ठोकळा रद्दीत गेला. या लेखात मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे, म्हणून हे आधी लिहून टाकते.

सर त्या आठवड्यात माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा जिन्यात थांबून एवढंच म्हणाले, “बाई, तुम्ही निदान उघडून तरी पाह्याचं होतं.”

पुढच्या जूनमध्ये मुलींच्या वसतिगृहाचे प्रवेश कंपनीच्या सिस्टिमवर झाले. भाऊसाहेबांचा आदेश असा की हाती यादी ठेवायची नाही, फॉर्मवर आवक शिक्का मारायचा नाही, तारीख आणि क्रम कॉम्प्युटर सांभाळेल, दुहेरी काम नको. मी आदेश पाळला. प्रत्येक गावाची वेगळी फाइल करून फॉर्म भरत गेले. पहिल्या दिवशी पहिल्या एसटीनं पिंपळखेडचे गुरुजी नऊ मुलींचे फॉर्म घेऊन आले होते, म्हणून पहिली फाइल पिंपळखेडची.

प्रवेशाची यादी छापली तेव्हा मी चार दिवसांच्या रजेवर होते. परत आले तर व्हरांड्यात नऊ मुली पत्र्याच्या पेट्यांवर बसलेल्या, आणि गुरुजी यादीवरून बोट फिरवत उभे. पिंपळखेडचं नावच यादीत नव्हतं. जागा भरल्या होत्या, प्रतीक्षा यादीतल्या मुलींना खाटाही मिळाल्या होत्या. पिंपळखेडहून रोज येऊन-जाऊन कॉलेज करता येईल अशी एसटी नव्हती. त्या परत गेल्या असत्या तर नऊच्या नऊ जणींचं शिक्षण दहावीवर थांबलं असतं, आणि हे त्या मुलींना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यातली एक माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

भाऊसाहेबांनी पुण्याला फोन लावला. कंपनीचं म्हणणं आलं की सिस्टिम चुकत नाही, तुमच्या बाईंनी फॉर्म भरलेच नसतील. भाऊसाहेब मला मऊ आवाजात म्हणाले, “खेडकर बाई, होते मानसाकडून चूक. फॉर्म उशिरा आले असं लिहून द्या, इषय संपला.” शिक्का नव्हता, हाती यादी नव्हती. मी भरले होते, हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोणीतरी सरांना बोलावलं. मी बोलावलं नाही, मला तोंडच उरलं नव्हतं. ते आले, पेट्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, गावं किती झाली? पासष्ट. पहिलं कोणतं? पिंपळखेड.

सरांनी यादी हातात घेऊन वरून खालपर्यंत पाहिली. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मग ते भाऊसाहेबांना म्हणाले, “ही चूक माही हाय.”

भाऊसाहेबांना वाटलं, ते मला वाचवतायत. “तुमचा काय संबंध, वानखडे?”

“चौसष्टच्या पुढं गेलं का पयल्या फायलीच्या नावावर पासष्टावीचं नाव बसते. ते मी लिहिलं होतं. इंगळ्यानं धरलं, मग मी दुरुस्त केलं. तुमच्या कंपनीनं दुरुस्तीच्या आंधीचं उतरवून नेलं, अन् वरून झाकण ठोकलं. जगात एवढी कंपन्याइची हुशारी हाय, पन ही चूक माह्याशिवाय कोनाची होऊच शकत नाही.”

मग ते कामाचं बोलले. नाव पुसलं गेलं तरी आतली माहिती फ्लॉपीवर तशीच असते, चावडी चढवली तर पाच मिनिटांत वाचून दाखवतो. भाऊसाहेब म्हणाले, कराराप्रमाणे दुसरी सिस्टिम चालवता येत नाही. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येईल, तोवर कोणी यंत्राला हात लावायचा नाही. “तोवर पोरीइनं कुठं राह्याचं?” असं गुरुजींनी विचारलं.

सरांनी शर्टाच्या खिशातून फ्लॉपी काढली. ती त्यांच्याजवळ नेहमी असे का, मला माहीत नाही. भर दुपारी, सगळ्यांसमोर ते खोलीत गेले आणि दार सताड उघडं ठेवलं. नऊही मुलींना आत बोलावून मागे उभं केलं. काय करतोय ते प्रत्येक पायरीला त्यांना मोठ्यानं सांगत गेले, जणू तास चालू होता. आधी आकडे आणि कचऱ्यासारखी अक्षरं सरकत गेली. मग एक नाव आलं. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “मीच हाव ते.” एकेक करत नऊ नावं आली, आणि प्रत्येक नावापुढे मी टाकलेली पहिल्या दिवसाची तारीख.

भाऊसाहेब दारात उभे होते. आता नाही म्हणायला जागा नव्हती. मुलींना अभ्यासिकेच्या खोलीत गाद्या टाकून दिल्या आणि दिवाळीनंतर खाटा मिळाल्या. त्यांच्यातल्या सात जणी बारावी झाल्या. दोघींची लग्नं आधीच लावून दिली, ते कोणाला थांबवता आलं नाही.

चौथ्या दिवशी सरांना निलंबनाचं पत्र गेलं. कारण: संस्थेच्या कराराचा भंग. पत्र माझ्याच टाइपरायटरवर झालं. पुढच्या महिन्यात कंपनीकडून सगळ्या शाळांना नव्या फ्लॉप्या आल्या. चौसष्ट घरं भरल्यावर आता सिस्टिम थांबून तसं सांगत होती, इंग्रजीत. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ‘आमच्या तज्ज्ञांनी’ सुधारणा केली आहे.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते चोर म्हणतील. ते म्हणाले, “नेलं त्याचं काही नाही, बाई. न्यायलेच ठेवलं होतं. पन आता त्याच्यात पुढची चूक निंघंल ना, ते इंगळ्याले दिसनार नाही. याचा राग येते मले.”

महिन्याभरानं भाऊसाहेबांनी मला बंद पाकीट देऊन सरांच्या घरी पाठवलं. निलंबन मागे घेऊ, पगार चालू करू. फक्त सही हवी. पाकिटावर ‘गोपनीय’ असं मीच लाल शाईत लिहिलं होतं. आत काय होतं ते मला माहीत होतं. चावडीचे सगळे हक्क संस्थेला, संस्थेकडून कंपनीला, आणि सरांनी त्याबद्दल यापुढे कुठे बोलायचं नाही, लिहायचं नाही, शिकवायचं नाही. वाटेत मी ठरवलं होतं की त्यांना सही करायला सांगायचं. घरात दोन मुलं होती. व्यवहार मला कळतो.

सर ओट्यावर बसून दाढी करून घेत होते. न्हावी, शेजारचे निवृत्त तलाठी, वहिनी दारात. त्यांनी पाकीट फोडलं, अर्ध्या गालावर साबण तसाच. पूर्ण वाचलं. मग मला विचारलं, “सही केल्यावर याची नक्कल मले भेटंल?”

मी म्हणाले, नाही, नक्कल द्यायची नाही असं सांगितलंय.

“माह्या एकट्याचं असतं तं एखाद्या वेळी दिलं असतं,” ते म्हणाले. “तेवीस मानसाच्या सह्या होत्या त्याच्यावर. जा, त्याइले विचारून या.”

मी म्हणाले, सर, मुलांचा विचार करा. वहिनींकडे बघितलं, की त्या तरी बोलतील. वहिनींनी हात पुसले आणि म्हणाल्या, “मले नका पाहू बाई. कागदात काय हाय ते आंधी मले कळू द्या.”

सर उभे राहिले. त्यांनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. पाण्याला चाललेल्या बाया थांबल्या. एक कलम वाचून झालं की ते त्याचा अर्थ सांगत, कोणाला कळलं नाही तर परत सांगत, मग पुढचं. मी त्यांना दोनदा म्हटलं, सर, गोपनीय आहे. ते ऐकत नव्हते, किंवा ऐकूनच वाचत होते.

त्यानंतर त्यांनी चिखली सोडली. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. तेवीस नावांची यादी मी पुढे करायला घेतली, एकोणीस आठवली.

त्या दिवशी मी गल्लीतून परत निघाले तेव्हा मागे त्यांचा आवाज चालूच होता. सातवं कलम आलं होतं, न बोलण्याचं. न्हाव्यानं विचारलं, “म्हंजे काय हो, सर?” आणि सरांनी ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.